मौलानांच्या चिमण्या

भिंगार हे गाव नगरपासून तीन-चार किलोमीटरवर आहे, असं नगरचे लोक सांगतात. भिंगारच्या माणसाला हे वाक्य सहन होत नाही. खरी गोष्ट अगदी उलट आहे. नगर हे गाव भिंगारपासून तीन-चार किलोमीटरवर आहे. १४९० साली अहमद निजामशहाने बहामनी फौजेचा धुव्वा उडवला तो भिंगारजवळच्या मैदानात. पुढे १४९४ मध्ये त्याच जागी त्याने शहर वसवायला घेतलं, तेव्हा लोकांना पत्ता सांगायला त्याच्याजवळ 'भिंगारच्या अलीकडे' एवढेच शब्द असणार. शहराने संस्थापकाचं नाव लावलं, पाचशे वर्षं मिरवलं आणि २०२४ साली ते अहिल्यानगर झालं. भिंगार मात्र तेव्हाही भिंगार आणि आताही भिंगार. आमच्या नावाला कुणी हात लावलेला नाही. आमचं नाव फार थोर आहे, असा याचा अर्थ मी घेतो. आमच्याकडे कुणाचं लक्षच नाही, असा अर्थ आमची ही घेते.

हा अभिमानाचा विषय निघायचं कारण माझी नात. वय वर्षे नऊ, मुक्काम पुणे, उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती भिंगारकर. येताना ती कपडे कमी आणि पुस्तकं जास्त घेऊन येते. या खेपेला तिच्या हातात एक गोष्टीचं पुस्तक होतं. चांगलं चौदा-पंधरा प्रकरणांचं. त्यात एका मुलाने घरात मगर पाळलेली असते आणि ती बाथरूममध्ये राहते, त्यामुळे घरातल्या कुणाचीच आंघोळ धड होत नाही. दुपारच्या वेळी मी जरा लवंडलो की पलीकडून हिच्या खिदळण्याचा आवाज. तिसऱ्या दिवशी पुस्तक संपलं आणि ती माझ्या उशाशी येऊन बसली.

"आजोबा, तुमच्या भिंगारमध्ये कुणी असला प्राणी पाळला होता का? खराखुरा?"

यातला 'तुमच्या' हा शब्द मला लागला. पाचशे वर्षांहून जुन्या गावाला एक धड प्राणी पाळता आला नाही, असं पुण्याच्या माणसाने, मग ते नऊ वर्षांचं का असेना, म्हणावं? मी उठून बसलो आणि चष्मा लावला. चष्मा लावला की आठवतं, अशी माझी समजूत आहे.

आता आमच्या गावाला लागून लष्कराची छावणी. तेव्हा घोडे, खेचरं, कुत्री यांची वाण नव्हती, पण ती सरकारी. सरकारी प्राण्याला 'पाळलेला' म्हणत नाहीत, 'नेमलेला' म्हणतात. हल्ली लष्कर इथे पाळतं ते रणगाडे. १९९४ साली त्यांचं एक संग्रहालयही झालं. रणगाडा घरात राहत नाही, हे कारण सांगून नातीने तो नापास केला. आमच्या वाड्यात माझ्या लहानपणी एक पोपट होता. तो बोलत नसे. कुणी आलं की फक्त खाकरत असे. तोही नापास झाला.

मग मी माझा हुकमी एक्का काढला. म्हटलं, "अगं, विचित्र प्राण्यांवर पुस्तकं लिहिणारा माणूसच इथे जन्मला!" आणि हे अगदी खरं आहे. स्पाइक मिलिगन नावाचा जो जगप्रसिद्ध विनोदी लेखक, तो १६ एप्रिल १९१८ रोजी आमच्या नगरला जन्मला. बाप गोऱ्या तोफखान्यात. पोराचं बालपण पुण्यात आणि मग रंगूनला गेलं. पुढे विलायतेत जाऊन त्याने १९५१ ते १९६० या काळात रेडिओवर 'द गून शो' नावाचा असा काही धुमाकूळ घातला की तिथल्या विनोदाची घडीच मोडली. मुलांसाठीही त्याने अचाट लिहिलं. टक्कल पडलेल्या सिंहाचं त्याचं एक पुस्तक १९६८ सालचं. आयुष्यभर त्या सरकारची चाकरी केलेल्या बापाचा हा मुलगा, स्वतः महायुद्धात लढलेला. पण पासपोर्टाची वेळ आली तेव्हा त्याला सांगितलं, आधी राजनिष्ठेची शपथ घ्या. गडी चिडला आणि सरळ आयरिश नागरिक झाला. २००२ साली वारला, तेव्हा थडग्यावर काय लिहायचं हे त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. 'मी आजारी आहे म्हणून सांगत होतो ना', अशा अर्थाचं वाक्य, तेही आयरिश भाषेत. हे ऐकून नात पोट धरधरून हसली, पण न्यायबुद्धीने म्हणाली, "हा छान आहे. पण याने पाळलं काय?"

काय पाळलं ते मला ठाऊक नव्हतं. मी चष्मा काढला.

संध्याकाळी मी चाचांकडे गेलो. आमच्या गल्लीत उर्दू शाळेतले एक निवृत्त मास्तर राहतात. सगळं भिंगार त्यांना चाचा म्हणतं. ते माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे आहेत आणि ही गोष्ट मला दर भेटीत आठवण करून देतात. सगळी हकिगत ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "अरे बाबा, तू रोज किल्ल्यावरून जातोस आणि मला विचारतोस? मौलाना आझादांनी पाळल्या नव्हत्या का चिमण्या?"

चिमण्या! मगरीला उत्तर म्हणून चिमणी घेऊन घरी कसं जावं, या विचारात मी होतो. तोवर चाचांनी कपाटातून 'गुबार-ए-खातिर' काढलं, पुठ्ठ्यावर फुंकर मारली आणि वाचून अर्थ सांगायला सुरुवात केली. रात्री साडेनवाला आमच्या हिने माणूस पाठवला तेव्हा कुठे मी उठलो.

आता वाचकांनी जरा इतिहासात शिरायची तयारी ठेवावी. फार खोल नाही.

९ ऑगस्ट १९४२ची पहाट. 'चले जाव'चा ठराव होऊन काही तासच झाले होते. मुंबईत सगळे पुढारी धरले आणि एका खास गाडीत कोंबले. गांधीजींना वाटेत चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या मंडळींना घेऊन गाडी पुढे निघाली ती नगरला आली. नगर आणि भिंगार यांच्या मधे आमचा भुईकोट किल्ला आहे. निजामशहांनी बांधला, चांदबिबीने लढवला, १८०३ साली वेलस्लीने घेतला. त्या किल्ल्यात एकूण बारा जण ठेवले. जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभी सीतारामय्या, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब, आपले शंकरराव देव आणि काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद. एवढी माणसं एका आवारात, आणि करायला काम नाही! मग दुसरं काय होणार? सगळे लिहायला बसले. नेहरूंनी १९४४ साली पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं. पट्टाभींनी 'फेदर्स अँड स्टोन्स' लिहिलं. आज तिथे एखाद्या लेखकाला कोंडून ठेवायची सोय असती, तर मीही अर्ज केला असता.

मौलाना पहाटे तीन-चारला उठत. स्वतः चहा करून पीत. तोही चिनी, 'व्हाइट जस्मिन', बिनदुधाचा. दूध-साखर उकळून आपण जो पितो त्याला ते चहा म्हणायलाच तयार नव्हते, पातळ हलवा म्हणत. (हे मी घरी सांगितलं नाही. आमच्याकडे हलवाच होतो.) आणि त्या पहाटेच्या शांततेत ते अलीगडकडच्या आपल्या एका स्नेह्याला, हबीबुर रहमान खान शेरवानींना, पत्रं लिहीत. पत्रं पाठवायची सोय नव्हती. तरी लिहीत. लिहून दप्तरात ठेवून देत. हीच पत्रं पुढे १९४६ साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. खुदा, संगीत, तत्त्वज्ञान, चहा, फुलझाडं असं सगळं त्यात आहे. तुरुंगाच्या अधिकाऱ्याचं नावही मौलानांनी 'चीता खान' ठेवलं होतं. हे चांदबिबीच्या काळातल्या एका हबशी किल्लेदाराचं नाव. पुढे बाकीची मंडळीही त्याला त्याच नावाने ओळखू लागली. म्हणजे बघा, कैदी आत आणि बारसं जेलरचं!

आणि मार्च १९४३ मधल्या दोन लागोपाठच्या पत्रांत आहे ती चिडा-चिडीची कहाणी. म्हणजे सरळ दोन प्रकरणांचं पुस्तकच.

मौलानांच्या खोलीचं छप्पर लाकडी तुळयांचं. तुळया म्हटल्या की चिमण्या आल्याच. आमच्या जुन्या वाड्यात पणजोबांच्या तसबिरीमागे चिमण्यांचं घरटं होतं आणि पणजोबांच्या एका खांद्यावर कायम काड्या असत. काही पाहुण्यांचा असा समज होता की ते गृहस्थ गवताचा व्यापार करीत. तेव्हा चिमणी काय करते, हे मला कुणी सांगायला नको. ती आधी काड्या आणते, त्या खाली पाडते, पडलेल्या उचलत नाही, नव्या आणते. मौलानांच्या टेबलावर, सामानावर दिवसभर काड्या आणि पिसं पडत. स्वच्छतेचे भोक्ते. काही दिवस सोसलं. मग त्यांनी युद्ध पुकारलं.

हे युद्ध चाचांच्या तोंडून ऐकावं. इंग्रज सरकारला जेरीस आणणारा काँग्रेसचा अध्यक्ष, वय चोपन्न, हातात छत्री घेऊन छपराखाली उड्या मारतोय! छत्री पुरेना, तेव्हा लांब बांबू मागवला. चिमण्या पळाल्या. मौलानांनी विजय झाला असं जाहीर केलं, बांबू टेकवला आणि लिहायला बसले. थोड्या वेळाने वर पाहतात तो शत्रू आपल्या जागी हजर. पुन्हा बांबू, पुन्हा पळापळ, पुन्हा चिवचिवाट. लिहिणारे मौलानाच, त्यामुळे हे सगळं त्यांनी मोठ्या बखरीच्या थाटात लिहिलंय. मैदान, मोर्चे, माघार, सगळं. शेवटी हार कुणी मानली ते सांगायला नको. आमच्या वाड्यातही आजीने तसबीर काढली नाही, चिमण्यांची पिल्लं उडून जाईपर्यंत पणजोबांना हार घालायचा थांबवला.

मग तह झाला. मौलानांनी सतरंजीवर तांदळाचे दाणे टाकले आणि स्वतः पुतळ्यासारखे बसून राहिले. एक चिडा आला. लांबून तिरप्या नजरेने पाहिलं, एक पाऊल पुढे, दोन मागे. आपल्याकडे मुलगी पाहायला आलेला मुलगा चहाकडे बघतो, तसा. एक दाणा उचलून पसार. दुसऱ्या दिवशी दोघे. मग मौलाना दाणे रोज थोडे जवळ आणू लागले. जमिनीवरून जवळ, मग आणखी जवळ, आणि शेवटी तळहातावर. पाखरं हातावर येऊन दाणे टिपायला लागली. आणि ओळख झाल्यावर नावं ठेवणं आलंच. एक धीट चिडा होता, सगळ्यांच्या आधी पुढे येणारा, त्याचं नाव कलंदर. एक देखणी चिमणी, ती मोती. एक सदा छाती फुगवून भांडायला तयार, तो मुल्ला. आणि एक आपला मान खाली घालून बाजूला बसलेला, तो सूफी. डॉ. महमूद बाहेर अंगणात पाखरांना भाकरतुकडा घालीत, त्यांचा दरबार वेगळा.

मोतीच्या पिल्लाचं एक प्रकरण त्यात आहे. ते घरट्यातून खाली पडलं आणि जमिनीवर गोळा होऊन पडून राहिलं. आई येऊन चोचीने भरवी, पण ते उडेना. पंख होते, उडायची अक्कल नव्हती. आणि मग एके दिवशी अचानक त्याला काय उमजलं कोण जाणे, अंग झाडलं आणि भुर्रकन वर. यावर मौलानांनी चांगलं लांबलचक चिंतन केलंय. चाचा ते डोळे मिटून वाचतात. मी त्या वेळी चहा प्यालो.

घरी येऊन हे सगळं मी नातीला दोन रात्रींत सांगितलं. छत्रीच्या प्रसंगाला मी उठून हातवारे केले आणि पंख्याचं एक पातं वाकवलं. कलंदर तिला फार आवडला. पण तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता तिने विचारलं, "पण आजोबा, त्या पाळलेल्या कुठे होत्या? त्या तर उडून बाहेर जायच्या. बाहेर जाता येत नव्हतं ते मौलानांना."

मी म्हटलं, "चूळ भर आधी."

मग तिने दुसरा प्रश्न विचारला. तो गोष्ट ऐकणारं प्रत्येक पोर विचारतंच. "पुढे काय झालं?"

पुढे काय झालं ते चाचांनी मला सांगितलं होतं, आणि मी ते घरी आणलं नव्हतं. चिमण्यांच्या त्या पत्रांनंतर महिनाही झाला नाही, तोच ११ एप्रिल १९४३चं पत्र आहे. मौलानांची बायको, झुलेखा बेगम, कलकत्त्यात आजारी होती. ऑगस्टच्या आरंभी ते मुंबईला निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली होती आणि 'खुदा हाफिज' एवढंच म्हणाली होती. मार्चच्या अखेरीला तब्येत फारच बिघडल्याच्या तारा यायला लागल्या. चीता खानाने, म्हणजे ज्याचं नाव यांनी ठेवलं त्यानेच, येऊन सांगितलं की तुम्हाला सरकारकडे काही मागायचं असेल तर मी ताबडतोब पाठवतो. मौलाना म्हणाले, मला काही मागायचं नाही. जेवायला रोजच्या वेळी सगळ्यांबरोबर बसत राहिले. मनात काय चाललं होतं आणि चेहरा कसा सांभाळला, हे त्या पत्रात त्यांनी लपवलेलं नाही. ९ एप्रिलला ती गेली. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती, कुणाची कुणास ठाऊक. आल्यापासून रोज दिसत होती. बातमी आल्यावर मौलाना तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले, एवढं ते लिहितात.

चाचा हे वाचत होते तेव्हा मी त्यांना मधेच थांबवलं होतं. गेल्या वर्षी आमच्या हिला पुण्याला हृदयाच्या ऑपरेशनसाठी नेलं, तेव्हा मी सरकारकडे नाही, पण दिसेल त्या माणसाकडे काही ना काही मागत होतो. डॉक्टर, नर्स, लिफ्टवाला, कँटीनमधला पोऱ्या, एकालाही सोडलं नाही. भिंगारच्या सगळ्या देवांना आणि चाचांच्या सांगण्यावरून एका दर्ग्यालाही बोललो होतो. मागायचं नाही, हे मला जमणारं नाही. मी शरमत नाही.

नातीला मी हे सगळं सांगितलं नाही. म्हटलं, "पुढे त्यांची बायको वारली. त्यांना जाता आलं नाही." ती बराच वेळ ब्रश हातात धरून उभी होती. मग म्हणाली, "चिमण्या होत्या ना त्यांच्याकडे तेव्हा?"

"होत्या."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. काय ठीक आहे, ते मी विचारलं नाही.

दुपारी आणखी एक शंका निघाली. १९४५च्या एप्रिलमध्ये मौलानांना इथून बंगालात बांकुऱ्याला हलवलं. मग त्या कलंदरला नि मोतीला दाणे कोण घालत होतं? या प्रश्नाने मी बेजार झालो. पुन्हा चाचांकडे गेलो. चाचा म्हणाले, "चिमण्या काय मौलानांच्या भरवशावर जन्माला आल्या होत्या?" हे उत्तर मी घरी नेलं. नातीला पटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर तांदळाची ताटली दिसू लागली. ताटलीत आमचा कोलम! नात आणि मी दोघे पुतळ्यासारखे बसायचो. माझ्या गुडघ्यांनी पुतळा व्हायचं साफ नाकारलं, म्हणून मला खुर्ची मिळाली. आधी मुंग्या आल्या. मग कबुतरं आली आणि ताटलीच उलटी करून गेली. त्यातल्या थोराड कबुतराचं नाव लगेच चीता खान ठेवण्यात आलं. चिमणी काही येईना. हल्ली घरांना तुळया नाहीत, तसबिरी भिंतीला चिकटवलेल्या. चिमणीने काड्या ठेवाव्या कुठे? तिची आठवण राहावी म्हणून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस असतो. २०१० साली तो सुरू केला तो आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी. पूर्वी चिमणीला दिवस नव्हता. वर्षभर तीच ती असे.

सहाव्या दिवशी एक चिडा आला. कुंपणाच्या तारेवर बसला, तिरपं पाहिलं आणि उडाला. नात जागच्या जागी थरथरली, पण हलली नाही. "कलंदर," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. आणि दुसऱ्याच दिवशी सुट्टी संपली.

आता रोज संध्याकाळी पुण्याहून फोन येतो. अभ्यास, तब्येत, हे दोन मिनिटांत आटपतं. मग, "कलंदर आला होता का?" पहिले चार दिवस मी "आला होता, दोन दाणे खाल्ले," असं ठोकून दिलं. खोटं बोलायलाही तपशील लागतो, तेव्हा पाचव्या दिवशी तो तीन दाण्यांवर गेला. ही पलीकडे भाजी निवडत बसली होती, तिने फक्त वर पाहिलं. म्हणाली काही नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, "कोलम घालू नका, रेशनचा घाला. त्याला काय कळतंय."

परवा सकाळी मला जरा उशिरा जाग आली. स्वयंपाकघरात चहाचं आधण नाही. बाहेर आलो तर ही ओट्यावर, माझ्या खुर्चीत. मांडीवर हात, नजर समोर, अगदी निश्चल. पायाशी डब्याचं झाकण, झाकणात तांदूळ. मी "अगं," म्हणणार, तेवढ्यात तिने मान न वळवता दोन बोटं वर केली. मी दाराच्या चौकटीत होतो तसाच उभा राहिलो.